गालिबची चांदरात

रमजान आला की मिर्झा गालिब यांचे किस्से निघतातच. रोजे न ठेवणारा आणि न ठेवण्याची एकाहून एक मजेदार कारणे सांगणारा हा शायर. इफ्तारनंतर गप्पा रंगल्या आणि त्यांचे नाव आले नाही, असे सहसा होत नाही. त्यातले खरे किती आणि लोकांनी मागाहून जोडलेले किती, हा वेगळा विषय. पण त्यांच्या स्वतःच्या एका पत्रात रमजानची एक हकीकत आहे, ती किश्श्यांइतकी फिरत नाही.

पत्र १८६० सालचे. रामपूरला दोनेक महिने राहून मिर्झा नुकतेच दिल्लीला परतले होते. ते कळवतात की, चांदरातीला येऊन पोहोचलो. पहिल्या रोजापासून रोज सकाळी मशिदीत जाऊन कुराण ऐकतो, रात्री जामा मशिदीत तरावीहची नमाज पढतो आणि मनात आले तर संध्याकाळी महताब बागेत जाऊन थंड पाण्याने रोजा सोडतो. तरावीह म्हणजे रमजानमध्ये रात्रीच्या नमाजला जोडून पढायची जादा नमाज. मिर्झांना ओळखणारा माणूस हे वाचून हसलाच असेल. हसता हसता थोडा गप्पही झाला असेल, कारण १८५७ नंतर जामा मशीद इंग्रजांनी ताब्यात घेतली होती, ती मुसलमानांना परत मिळाली १८६२ मध्ये. महताब बाग तर लाल किल्ल्याच्या आत, आणि किल्ल्यात गोऱ्यांची पलटण. म्हणजे जिथे पाऊल ठेवणेही शक्य नाही, तिथे मिर्झा नमाज पढत होते आणि रोजा सोडत होते!

एवढी थट्टा झाल्यावर ते खरे कारण सांगतात. दोन मुलांना बरोबर नेले होते, त्यांनी रामपुरात नाकी नऊ आणले. त्यांना एकटे परत पाठवावे, तर वाटेत काही बरेवाईट झाल्यास जन्मभराचा बोल लागेल. म्हणून लवकर निघालो, नाहीतर उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढला असता.

या परतण्याची किंमतही पाहायला हवी. इंग्रजांकडून मिळणारे पेन्शन १८५७ पासून बंद होते. रामपूरचे नवाब यूसुफ अली खान हे मिर्झांचे शागीर्द. आदल्याच वर्षी त्यांनी महिना शंभर रुपये बांधून दिले होते आणि रामपुरात राहिल्यास दोनशे. बासष्ट वर्षांच्या, कर्जात बुडालेल्या माणसाने मुले कंटाळली म्हणून हे दुप्पट पैसे सोडले. आणि ही मुले त्यांच्या रक्ताची नव्हती.

बाप म्हणजे काय, हे मिर्झांना स्वतःला फारसे कळलेच नव्हते. २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्र्यात त्यांचा जन्म झाला. आजोबा समरकंदहून हिंदुस्थानात आलेले, घराणे शिपाईगिरीचे. वडील अब्दुल्ला बेग खान नोकरीसाठी लखनौ, हैदराबाद असे फिरत शेवटी अलवरच्या राजाकडे गेले आणि तिथे एका लढाईत मारले गेले. तेव्हा मिर्झा पाच वर्षांचे होते. मग काका नसरुल्ला बेग खान यांनी सांभाळ केला. हे काका मराठ्यांच्या वतीने आग्र्याचे सुभेदार होते, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसते. १८०३ मध्ये आग्रा इंग्रजांकडे गेले, काकाही इंग्रजांच्या चाकरीत शिरले आणि १८०६ मध्ये हत्तीवरून पडून वारले. नऊ वर्षांच्या आत दोन बाप गेले. पुढचे बालपण श्रीमंत आजोळी गेले. तिथे लाड भरपूर झाले, पण धाक कोणाचाच नव्हता. तेराव्या वर्षी उमराव बेगम यांच्याशी लग्न झाले आणि थोड्याच काळात मुक्काम दिल्लीला हलला. काकांच्या पेन्शनीतला वाटा महिना बासष्ट रुपये आठ आणे. तो वाढावा म्हणून मिर्झांनी कलकत्त्यापर्यंत धाव घेतली, हाती काही लागले नाही.

मिर्झा आणि उमराव बेगम यांना सात मुले झाली. एकही सव्वा वर्षाच्या पुढे जगले नाही. या सात मृत्यूंविषयी मिर्झा फारच कमी बोलले आहेत. बेगम नमाज-रोजाला पक्क्या, मिर्झा पिणारे आणि उधळे. घरात दोघांची दोन जगे होती, पण हे दुःख दोघांचे एकच.

उमराव बेगम यांच्या बहिणीचा मुलगा जैनुल आबिदीन खान, शायरीतले नाव आरिफ. मिर्झांनी त्याला मुलगा मानले. तो चांगले लिहीत असे, मिर्झांना त्याचा अभिमान होता. १८५२ मध्ये ऐन तारुण्यात तो गेला, त्याची बायको त्याच्या थोडी आधी गेली होती. मिर्झांच्या दीवानात आरिफच्या मृत्यूवरची एक गझल आहे. ती वाचली की सात मुलांच्या वेळी न बोललेलेही तिथेच बाहेर पडले असावे, असे मला वाटते.

आरिफची दोन मुले मागे राहिली, बाकर अली आणि हुसेन अली. धाकटा हुसेन अली तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. त्याला मिर्झांनी लगेच घरी आणले, बाकर अलीही पुढे आला. पन्नाशी ओलांडलेल्या शायराच्या घरात दोन पोरांचा दंगा सुरू झाला.

त्याच सुमारास मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. तफ्ता सिकंदराबादचे कायस्थ, फारसीत लिहिणारे, मिर्झांचे सर्वांत लाडके शागीर्द. वयाने मिर्झांहून फार लहान नव्हते, तरी मिर्झा त्यांना मुलगाच समजत आणि मिर्झा तफ्ता म्हणून हाक मारत. तफ्ता ढिगाने कविता तपासायला पाठवत आणि मग संकोचत. मिर्झांनी त्यांची समजूत घातली ती अशी की, घरातले नातू उघड्या पायांनी बिछान्यावर चढतात, पाणी सांडतात, धूळ उडवतात, सुखाने जेवूही देत नाहीत, तरी मी त्यांना कंटाळत नाही. तुम्ही माझे मुलगे, तेव्हा तुमच्या कविता माझ्या नातीच झाल्या. त्यांना मी का कंटाळेन?

आग्र्याचे छापखानेवाले मुन्शी शिवनारायण यांचेही असेच. आधी कामापुरता पत्रव्यवहार होता. हे बन्सीधर यांचे नातू, म्हणजे आपण ज्यांच्याबरोबर लहानपणी आग्र्यात रात्री उशिरापर्यंत बुद्धिबळ खेळलो त्यांचे, हे कळताच पत्रांचा सूर बदलला आणि शिवनारायण घरचेच लेकरू झाले.

१८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली. गल्ल्या ओस पडल्या, धाकटा भाऊ यूसुफ त्याच धामधुमीत गेला. गोऱ्या शिपायांनी मिर्झांना कर्नलपुढे नेले, तेव्हा ही दोन मुले बरोबर होती. घरात दाणा नाही आणि मुले फळे, मिठाई मागत. त्या दिवसांविषयीच्या ‘दस्तंबू’ या फारसी पुस्तकात मिर्झांनी हे नोंदवले आहे.

मिर्झांना फार देवमाणूस करू नये. लोहारू घराण्यातल्या एका तरुण आप्ताला लिहिलेल्या पत्रात ते दिल्लीला तुरुंग म्हणतात, बायकोला पायातली बेडी आणि या दोन मुलांना हातकड्या. त्यात ते सांगतात की, बेडी कोपऱ्यात ठेवून हातकड्यांसकट रामपूरला पळालो आणि दोन महिने पुरे होण्याआधी पुन्हा पकडला गेलो. हीच ती १८६० ची सफर. बायकोला बेडी म्हणणे आज खटकते, तेव्हाही उमराव बेगमना ते गोड वाटले नसणार. पण पळून जाताना मुले बरोबर घेणारा हा कैदी तसा विरळाच.

शेवटची वर्षे आजारपणाची आणि कर्जाची होती. हुसेन अलीच्या लग्नासाठी पैसे मिळावेत म्हणून ते रामपूरच्या नव्या नवाबांना, कल्ब अली खान यांना, पुन्हा पुन्हा विनवत राहिले. एवढ्या मानी माणसाची ती पत्रे वाचवत नाहीत. कर्ज फिटण्याआधीच ते गेले.

बाकर अलीचे लग्न आधीच झाले होते. त्याच्या थोरल्या मुलीला मिर्झा लाडाने जीवन बेग म्हणत. सांगतात की, अखेरच्या आजारात शुद्ध आली तेव्हा त्यांच्यापुढे जेवण आणले. त्यांनी जीवन बेगला बोलवा म्हटले. ती झोपली होती. ती उठून आली की जेवू, असे म्हणून ते पडून राहिले आणि त्यांची शुद्ध हरपली. दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारी १८६९ रोजी, बल्लीमारानमधल्या गली कासिम जानच्या घरात मिर्झांनी डोळे मिटले.