कार्ल आणि कारिनचं घर

आपल्या सोसायटीचा ताबा मिळाला तेव्हा सगळे फ्लॅट सारखेच होते. त्याच पांढऱ्या भिंती, तीच फरशी, तोच काळ्या कडप्प्याचा ओटा. पंचवीस वर्षांत प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे घर सजवलं. आधी शोकेस आले, मग पीओपीचं छत आलं, मग मॉड्युलर किचन, आणि आता टीव्हीच्या मागे लाकडी पट्ट्या. गंमत अशी, की एवढा खर्च करूनही चुकून दुसऱ्या मजल्यावर उतरलो तर शेजाऱ्यांचा हॉल आपलाच वाटावा! स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असं कमिटीने सांगितलं, तेव्हा मला कार्ल लार्सन आठवला. स्वीडनचा हा चित्रकार तिकडे घराघरांत माहीत आहे, आणि तो ज्या चित्रांमुळे ओळखला जातो ती आहेत त्याच्या स्वतःच्या राहत्या घराची.

कार्लचा जन्म २८ मे १८५३ रोजी स्टॉकहोमच्या जुन्या भागात झाला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. वडील दारू पिणारे, तापट. मुलावर माया अशी कधी केलीच नाही. आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवायची. भाडं थकलं की बिऱ्हाड हलायचं, आणि पुढची जागा आधीच्या जागेपेक्षा वाईट असायची. एकाच खोलीत अनेक कुटुंबं, रोगराई, भांडणं. घर या शब्दाला जी ऊब असते ती या मुलाने लहानपणी पाहिलीच नाही. पुढचं सगळं समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

गरिबांच्या शाळेतल्या एका शिक्षकाला त्याच्या हातातली कला दिसली. त्यांच्या आग्रहाने तेराव्या वर्षी त्याला राजधानीतल्या कला अकादमीच्या प्राथमिक वर्गात प्रवेश मिळाला. शिकता शिकता फोटोग्राफरकडे फोटो सुधारून देणं, विनोदी साप्ताहिकात व्यंगचित्रं काढणं अशी कामं करून तो घरी पैसे देत होता. १८७७ साली तो पॅरिसला गेला. तिथली वर्षं हालअपेष्टेत गेली. मोठमोठी तैलचित्रं काढायचा, पण यश काही येईना.

१८८२ साली तो पॅरिसजवळच्या ग्रे या खेड्यात गेला. स्वीडन-नॉर्वेचे बरेच चित्रकार तिथे जमायचे. तिथे दोन गोष्टी घडल्या. त्याने तैलरंग बाजूला ठेवून जलरंग हातात घेतले, आणि त्याला कारिन बेर्ग्यो भेटली. कारिन १८५९ची. खात्यापित्या व्यापारी घरातली, आणि स्वतः अकादमीत शिकलेली चित्रकार. १८८३ साली त्यांचं लग्न झालं, पुढच्या वर्षी पहिली मुलगी सुझान झाली. एकूण आठ मुलं. त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. संसार वाढला तसा कारिनचा ब्रश मागे पडला. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं गाणं, पेटी, भरतकाम जसं मागे पडतं ना, तसाच.

१८८८ साली कारिनच्या वडिलांनी या दोघांना सुंडबोर्न गावातलं एक लहानसं लाकडी घर दिलं. दालार्ना प्रांतात फालून नावाचं तांब्याच्या खाणीचं शहर आहे, त्याच्या जवळच हे खेडं. घराचं नाव लिला ह्युत्नेस. नदीकाठचं, जुनं, मोजक्या खोल्यांचं. सुरुवातीला ही मंडळी फक्त उन्हाळ्यात तिथे राहायची. १९०१ पासून कायमची तिथेच राहायला गेली.

त्या काळी स्वीडनमधल्या प्रतिष्ठित घराची रीत ठरलेली होती. गडद रंगाचं जड फर्निचर, मखमली पडदे, झालरी, गोंडे, आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला दिवाणखाना, ज्यात घरच्या मुलांनी पाय ठेवायचा नाही. कार्ल-कारिनकडे तसं करायला पैसेही नव्हते आणि इच्छाही नव्हती. जुनं, वारसाने आलेलं, एकमेकांशी न जुळणारं जे सामान हाताशी होतं, ते त्यांनी रंगवून काढलं. जेवणाची खोली लाल आणि हिरवी. बैठकीच्या खोलीत पांढरं फर्निचर आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. खिडक्यांवरचे जड पडदे गेले, उजेड आत आला, खिडकीत कुंड्या आल्या. कार्लने दारांवर घरच्या माणसांची चित्रं काढली. कुटुंब वाढेल तसं घरही वाढलं. मोठा स्टुडिओ बांधला तेव्हा जुना स्टुडिओ मुलांना दिला. १९१२ साली एक जुनं खाणकामगाराचं घरच आणून मूळ घराला जोडलं.

कारिनने चित्रकला सोडली असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. तिने कॅनव्हास सोडला. माग, सुई आणि सुताराला द्यायचे आराखडे तिने हाती घेतले. जेवणाच्या खोलीतल्या बाकावरचं विणकाम तिचं, तिच्या आणि कार्लच्या खोलीमधला गुलाबाच्या नक्षीचा पडदा तिचा, पलंगपोस, उशा, मुलांचे कपडे, कामाला सोयीचा सैल झगा, सगळं तिचं. जमिनीवर चिंध्यांच्या विणलेल्या सतरंज्या, म्हणजे आपल्या गोधडीच्या चुलत बहिणीच! तिने एका झुलत्या खुर्चीचा आराखडा केला, साध्या चौकोनी पट्ट्यांचा, अजिबात नक्षी नसलेला. गावच्या सुताराला ती इतकी कुरूप वाटली, की लोकांनी पाहू नये म्हणून त्याने ती अंधार पडल्यावर पोचवली असं सांगतात. आज ती खुर्ची पाहिली तर कालपरवाची वाटते.

१८९४चा उन्हाळा पावसात गेला. बाहेर चित्र काढायला जाता येईना, कार्ल चिडचिडा झाला. तेव्हा कारिनने सुचवलं की घरातल्या खोल्याच रंगव. त्यातून ती जलरंग चित्रांची मालिका झाली. १८९९ साली त्यातली २४ चित्रं ‘एक घर’ अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आली. खिडकीशी झाडांना पाणी घालणारी मुलगी, कोपऱ्यात बसायची शिक्षा झालेला मुलगा, बर्च झाडाखाली न्याहारीला बसलेलं सगळं घर. १९०९ साली जर्मन भाषेत स्वस्त आवृत्ती निघाली आणि तीन महिन्यांत ४० हजार प्रती खपल्या. फर्निचर रंगवा, पडदे काढा, उजेड आत घ्या, हे लोकांना त्या चित्रांतून दिसलं.

चित्रांत दिसतं तेवढं सुख मात्र त्या घरात रोज नव्हतं. कार्लला नैराश्याचे झटके यायचे. १९०५ साली त्यांचा मोठा मुलगा उल्फ अठराव्या वर्षी अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. कार्लला स्वतःला सर्वांत मोठं वाटणारं काम म्हणजे राष्ट्रीय संग्रहालयाच्या जिन्यावरच्या भिंतीसाठी केलेलं भव्य चित्र. ते १९१५ साली पूर्ण झालं आणि संग्रहालयाने नाकारलं. ही जखम शेवटपर्यंत भरली नाही. २२ जानेवारी १९१९ रोजी तो गेला. ते चित्र पुढे जपानमध्ये विकलं गेलं आणि १९९७ साली त्याच संग्रहालयाने ते विकत घेऊन त्याच भिंतीवर लावलं. कारिन १९२८ साली गेली. घराची देखभाल आज त्यांचे वंशज मिळून करतात.

माझी मुलगी नोकरीनिमित्त स्टॉकहोमला असते. तिच्याकडे गेले असताना आम्ही ते घर पाहून आलो. मनात होतं की राजवाडा पाहायचाय. प्रत्यक्षात खोल्या लहान, छत बुटकं. आपल्या वन बीएचकेवाल्यांना परकं वाटणार नाही असं. फिरताना एक गोष्ट जाणवत राहिली, की इथली प्रत्येक वस्तू कुणासाठी तरी आहे. बाक मुलांना बसता यावं म्हणून, उशी कुणाच्या तरी पाठीला म्हणून. पाहुण्यांना दाखवण्यासाठी काहीच नाही. लहानपणी ज्याला घर मिळालं नाही, त्याला घर म्हणजे काय हे इतरांपेक्षा जास्त कळलं असावं.

आता एक उलटा धोका सांगते. तो हलका, उजळ थाट आज जगभर स्वीडिश स्टाइल म्हणून विकला जातो. तुर्भ्याला इकियात गेलात तर त्याची दूरची नातवंडं भेटतील. म्हणून उद्या आपण सगळ्यांनी लाल-हिरवी जेवणाची खोली केली, तर ती पुन्हा नक्कलच! लार्सनकडून घ्यायचा तो रंग नाही. आपल्या घरात कोण कुठे बसतं, काय करतं, काय जपतं, हे आधी पाहायची सवय घ्यायची.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने बऱ्याच घरांत रंगकाम निघालं आहे, आणि रविवारी गेटपाशी भंगारवाल्याची गाडी भरून जाते आहे. त्या गाडीत सासूबाईंचा शिसवी पाट, मुलांच्या उंचीच्या खुणा असलेली दाराची चौकट, आजोबांची आरामखुर्ची जाताना मी पाहिली आहे. सगळंच ठेवा असं मी म्हणणार नाही. आपल्या घरात तेवढी जागा कुठे? पण एखादी वस्तू ठेवा, घासून, रंगवून, रोजच्या वापरात आणा. आणि ती कुणी केली, कुणाच्या हातची आहे, हे मुलांना नावानिशी सांगा. कार्लच्या चित्रांत कारिनचं काम जगाने वर्षानुवर्षं पाहिलं, पण ते तिचं आहे हे ओळखायला फार उशीर झाला. आपल्या घरातल्या कारिनच्या बाबतीत तेवढा वेळ नको लागायला.