लघु-गुरुचा हिशेब ठेवणारा कवी

मी पडलो कॉन्व्हेंटचा. माधव जूलियन हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुणी ख्रिश्चन कवी असतील असंच वाटलं. निघाले पटवर्धन! माधव त्र्यंबक पटवर्धन, जन्म २१ जानेवारी १८९४, बडोद्याचा.

१९१८ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवत होते. रविकिरण मंडळातले कवी. गझल मराठीत आणली ती त्यांनीच. आपल्या हॉस्टेलवर रात्री गझला ऐकणारे खूप, पण मतला म्हणजे काय विचारलं की सगळे गप्प. मतला म्हणजे गझलेतला पहिला शेर. दोन्ही ओळींच्या शेवटी जो शब्द तसाच परत येतो तो रदीफ, आणि त्याच्या आधी जुळणारं यमक तो काफिया. झालं, एवढंच!

१९२४ मध्ये फर्ग्युसन सुटलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात जम बसला तो १९२८ पासून. मधल्या या अस्थिर काळातच, १९२७ साली, त्यांचं ‘छंदोरचना’ आलं. आपला एक बॅकलॉग राहिला तर आठवडाभर जेवण जात नाही, आणि हा माणूस नोकरी गेल्यावर मराठी कवितेची मापं काढत बसला होता.

ही मापं आपल्याला सोपी जावीत. अक्षर एकतर लघु, नाहीतर गुरु. म्हणजे शून्य आणि एकच की! तीन-तीन अक्षरांचे गट केले तर दोनाचा घन, आठ. हेच ते य, म, त, र, ज, भ, न, स गण. लघु-गुरुचा क्रम ठरलेला असेल तर वृत्त, उदाहरणार्थ मालिनी. मात्रांची बेरीज जमवायची ती जाति. आणि ओवी-अभंगासारखी नुसती अक्षरं मोजायची तो छंद. ही तीन खाती पटवर्धनांनी नीट वेगळी केली.

१९३६ चं साहित्य संमेलन आपल्या खानदेशात, जळगावला झालं, त्याचे अध्यक्ष तेच होते. १९३७ साली त्यांनी ‘छंदोरचना’ पुन्हा वाढवून लिहिलं. याच ग्रंथावर मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. २९ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले, वय फक्त ४५.

एक गोष्ट मला अजून कोड्यात टाकते. ज्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला, तेच पुढे भाषाशुद्धीवाले झाले आणि स्वतःच्याच कवितांमधले फारसी शब्द वेचून काढू लागले. मतला, काफिया, रदीफ मात्र मराठी गझलेत आजही जागच्या जागी आहेत.