न्हाणीघराच्या बंबातून उभे राहिलेले विमान

गॅसवर पाणी तापवणाऱ्या बंबाच्या कमाईतून विमान उभे राहिले, असे म्हटले तर कोणाला पटणार नाही. ह्यूगो युंकर्स यांच्या बाबतीत मात्र तसेच घडले. १८५९ साली जर्मनीतील राइट गावी जन्मलेले युंकर्स मुळात उष्णतेच्या यंत्रांचे जाणकार. देसाऊ येथील त्यांच्या कारखान्यात न्हाणीघरातले बंब तयार होत. १८९७ पासून ते आखेनच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापकही होते. विमानाकडे ते वळले तेव्हा पन्नाशीला आले होते. आखेनमधले सहकारी हान्स राइस्नर विमान बांधत होते, त्यांना मदत करता करता युंकर्सही या विषयात गुंतले.

त्या काळची विमाने लाकूड, कापड आणि तारांची असत. बाहेरच्या तारांना हवा अडते. मग आधार पंखाच्या आतच दिला तर? १९१० साली त्यांनी अशा जाड पंखाचे पेटंट घेतले. डिसेंबर १९१५ मध्ये त्यांचे संपूर्ण धातूचे ‘जे १’ विमान उडाले. पण ते पोलादी पत्र्याचे, त्यामुळे जड. वर चढायला संथ. ‘पत्र्याचे गाढव’ असे टोपणनाव त्याला पडले.

उपाय सापडला ड्युरालुमिनमध्ये. अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळून केलेला हा धातू पोलादापेक्षा खूप हलका. त्याचा पातळ पत्रा सहज वाकतो, म्हणून युंकर्सनी छपराच्या पत्र्यासारख्या पन्हळी पाडल्या आणि पंखाच्या आत पोकळ नळ्या घातल्या. आपल्या मांडीचे हाडही मध्ये पोकळ असते. वाकण्याला विरोध मुख्यतः बाहेरच्या कडेचा भाग करतो, मधला भाग बहुतांशी ओझेच. पन्हळींचा तोटाही होता, हवेचा अडथळा वाढे. तरी युंकर्सनी त्या बरीच वर्षे सोडल्या नाहीत.

१९१९ चे ‘एफ १३’ हे प्रवाशांसाठी बांधलेले पहिले संपूर्ण धातूचे विमान. बंद खोलीत चार प्रवासी बसत. महायुद्धात युंकर्सनी लष्करालाही विमाने पुरवली होती, ते लपवण्यात अर्थ नाही. पण युद्ध संपल्यावर त्यांचे मन प्रवासी वाहतुकीत रमले.

पैशाची ओढाताण कायमचीच. १९३२ साली बंबाचा धंदा बॉशला विकावा लागला. पुढच्याच वर्षी हिटलरचे सरकार आले. त्याला लष्करी विमाने हवी होती. राजद्रोहाच्या आरोपाची धमकी देऊन युंकर्सकडून पेटंटे आणि कंपनीतला मोठा हिस्सा लिहून घेतला गेला. त्यांना देसाऊ सोडावे लागले. म्युनिकजवळच्या गाउटिंग येथे नजरकैदेत ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, बरोबर शहात्तराव्या वाढदिवशी, त्यांचा मृत्यू झाला.

कंपनीचे नाव मात्र सरकारने बदलले नाही. एप्रिल १९३७ मध्ये स्पेनमधील गेर्निका गावावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांत पन्हळी पत्र्याची ‘युंकर्स ५२’ होती.