वॉल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात प्लेगाची साथ उद्भवली. काखेत वा जांघेत गाठ येई, ताप चढे आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. भयभीत लोक शहर सोडून गावाकडे धावू लागले. अशा वेळी सरकारने कलकत्त्याहून वॉल्डेमार हाफकिन यांना बोलावून घेतले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी प्रथम ग्रंथालयातील साधी नोकरी पत्करली व सवड काढून रोगजंतूंचा अभ्यास केला. १८९२ मध्ये पटकीची लस तयार होताच ती त्यांनी स्वतःस टोचून घेतली.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले. मांसाच्या पातळ रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने त्यांनी प्लेगाचे जंतू वाढविले. आपल्या घरातले तूप असे शास्त्राच्या कामी आले! मग उष्णतेने ते जंतू मारून त्यांची लस बनविली. मेलेल्या जंतूंपासून रोग होत नाही. पण शरीरास शत्रूची ओळख पटते व ते प्रतिकारास सिद्ध होते. पुढे इन्फ्लुएंझाच्या विषाणूवरील लसही याच तत्त्वावर तयार झाली.

सशांवरील प्रयोग यशस्वी झाले. पण माणसाचे काय? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस मोठ्या मात्रेत स्वतःस टोचून घेतली. ताप भरला, वेदना झाल्या. परंतु ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली, त्यांच्यात मृत्यू फारच थोडे झाले. मग मागणी वाढली, आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

१९०२ मध्ये मात्र घात झाला. पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. ती सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेली होती. दोष प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला व हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. निरपराध माणसाने हा कलंक वर्षानुवर्षे सोसला. अखेर रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. सरकारने त्यांना पुन्हा बोलाविले, ते मात्र कलकत्त्यास. परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना परत मिळाले नाही.

१९२५ साली त्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते युरोपात निवृत्तीचे जीवन कंठीत होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.