इंदूरच्या महाराजांची डुसेनबर्ग: जुन्या स्पोर्ट्स कारचा दम कुठे जातो?

दिंडोरीच्या शेजारच्या चांदवड तालुक्यात होळकरांचा रंगमहाल आहे. अनेकांनी तो पाहिलाही असेल. याच घराण्यातल्या एका महाराजांकडे 320 हॉर्सपॉवरची स्पोर्ट्स कार होती, तीही जवळपास 90 वर्षांपूर्वी! त्यांचं नाव यशवंतराव होळकर, दुसरे. इंग्रजांशी लढले ते पहिले यशवंतराव, हे त्यांच्या कितीतरी पिढ्यांनंतरचे.

यशवंतरावांचा जन्म 1908 चा. मुंबईतल्या बावला खून प्रकरणानंतर वडील तुकोजीराव यांना 1926 मध्ये गादी सोडावी लागली आणि सतराव्या वर्षी हा मुलगा इंदूरचा महाराजा झाला. शिक्षण ऑक्सफर्डला सुरू होतं, त्यामुळे पूर्ण अधिकार मिळाले ते 1930 मध्ये. त्यांना नव्या डिझाइनचं भारी वेड. जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियसकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग पॅलेस बांधून घेतला. रणजी ट्रॉफी चार वेळा जिंकणारा होळकर संघही त्यांच्याच आश्रयाखालचा.

1930 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकेच्या डुसेनबर्ग कंपनीची एसजे ही गाडी घेतली. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बनवली, रंग केशरी आणि काळा. इंजिन 6.9 लिटरचं, आठ सिलिंडर एका ओळीत, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह. साध्या जे मॉडेलची ताकद कंपनी 265 हॉर्सपॉवर सांगायची, एसजेची 320. हा फरक सुपरचार्जरचा. इंजिनच्याच ताकदीवर फिरणारा पंखा जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि तितकी जास्त ताकद.

आता खरी गंमत डॅशबोर्डवर. मोबाइलवर नोटिफिकेशन येतं ना, तसे या गाडीत दिवे होते. सुमारे 1,100 किलोमीटर झाले की ऑइल बदलायची आठवण, सुमारे 2,250 किलोमीटरला बॅटरीचं पाणी बघायची. सेन्सर नाही, चिप नाही. गिअरवर चालणारी एक पेटी चाललेलं अंतर मोजायची. शिवाय उंची आणि हवेचा दाब दाखवणारं मीटरही होतं.

ते शोभेचं होतं असं समजू नका. वणीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना जुनी गाडी ओढत नाही, तेव्हा दर वेळी बिघाडच असतो असं नाही. दर 1,000 मीटरला हवा साधारण 10 टक्के विरळ होते आणि साध्या इंजिनची ताकदही जवळपास तेवढीच घटते. म्हणून आधी सपाट रस्त्यावर गाडी चालवून बघायची.

तिथेही पिकअप नसेल तर क्रमाने चला. इंजिनचा आवाज चढतोय पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरतोय, इंजिनला हात लावू नका. चाक हाताने मोकळं फिरत नाही? ब्रेक धरतोय.

हे ठीक असेल तर कमी ताकद नेमकी कधी जाणवते ते बघा. एसजेसारखा सुपरचार्जर आरपीएम वाढेल तसाच जोर धरतो. त्यामुळे फक्त वरच्या आरपीएमला गाडी मरत असेल तर संशय सुपरचार्जरवर, त्याच्या पुढच्या पाइपमधल्या गळतीवर किंवा कमी पडणाऱ्या पेट्रोलवर. सगळीकडेच मरगळ असेल तर टायमिंग आणि कॉम्प्रेशन तपासा.

मग स्पार्क प्लग काढा. टोक पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काजळी असेल तर जास्त जातंय. त्याच भोकात गेज लावून आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादा कमी दाखवला तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टन रिंग झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलंय.

एवढं करायच्या आधी इंजिन खोलू नये, याचं कारणही याच गाडीत आहे. डुसेनबर्ग कंपनी 1937 मध्ये बंद पडली. गाडी इंदूरची, पार्ट अमेरिकेचे आणि बनवणारं कोणी नाही. चुकीच्या अंदाजाने खोललेलं इंजिन पुन्हा जुळवणं महाराजांच्या पैशालाही सोपं नव्हतं. जुन्या गाडीत अंदाज महाग पडतो, मोजमाप स्वस्त.

यशवंतरावांचं राज्यही टिकलं नाही. 1948 मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झालं आणि ते नव्या राज्याचे उपराजप्रमुख झाले. 1961 मध्ये मुंबईत, 53 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. माणिकबागेत नंतर सरकारी कर कार्यालय आलं.

तुमच्या घरी डुसेनबर्ग नसेल, पण काकांची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल. पिकअप गेला आणि कोणी लगेच इंजिनचं काम निघालं म्हणालं, तर एकच विचारा: कॉम्प्रेशन मोजलं का? किती भरलं?