पाचगणीत शिकलेला फारुख बलसारा ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी कसा झाला?

शिरूर-दौंडकडून पाचगणीला सहलीला गेलं की आपण टेबललँड पाहतो, स्ट्रॉबेरी घेतो आणि परततो. त्याच गावातल्या सेंट पीटर्स शाळेत ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानाचा मोठा झाला. मैदानात प्रेक्षक दोनदा पाय आपटून एक टाळी वाजवतात, तो ठेका याच बँडच्या ‘वी विल रॉक यू’चा. जाणून घेऊया त्याचा प्रवास.

पाचगणीशी नातं काय?

फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर, पारशी कुटुंबात. वडील ब्रिटिश सरकारी कार्यालयात रोखपाल होते. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या निवासी शाळेत पाठवण्यात आलं. ‘फ्रेडी’ हे नाव इथलंच. पियानोचे धडेही त्याने इथे घेतले. बाराव्या वर्षी मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. त्यात तो पियानो वाजवायचा. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंबाला इंग्लंड गाठावं लागलं.

‘क्वीन’ मोठा कसा झाला?

लंडनमध्ये फ्रेडीने ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्यासोबत ‘क्वीन’ सुरू झाला. पुढच्या वर्षी बास गिटारवादक जॉन डीकन आला. बँडचं बोधचिन्ह फ्रेडीनेच काढलं. मे खगोलभौतिकीचा, तर डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. मेची गिटार तर त्याने वडिलांसोबत घरीच बनवलेली!

१९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. रेडिओवर साधारण तीन मिनिटांची गाणी वाजायची, तेव्हा हे जवळपास सहा मिनिटांचं होतं. त्यात मोठा समूह गातोय असं वाटतं, पण आवाज फक्त तिघांचे आहेत. २४ ट्रॅकच्या टेपवर तेच आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवले गेले. ब्रिटनमध्ये गाणं सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

मंचावर भडक, चकचकीत कपडे आणि हातात अर्धाच माइक स्टँड ही फ्रेडीची ओळख. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम झाला. वेम्ब्लीत ‘क्वीन’ने जेमतेम वीस मिनिटांत ७० हजारांवर प्रेक्षकांना सोबत गायला लावलं.

आजार का लपवला गेला?

मंचावर बिनधास्त असलेला फ्रेडी खासगी आयुष्याबद्दल, भारतातल्या बालपणाबद्दलही फारसं बोलत नसे. १९८७ मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. तेव्हा या आजाराभोवती भीती आणि बदनामी होती. त्याने तो २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं निधन झालं. वय फक्त ४५. अंत्यविधी पारशी पद्धतीने झाले.

एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी एकत्रित औषधं १९९६ च्या सुमारास आली, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. भारतात सरकारी एआरटी केंद्रांत २००४ पासून हे उपचार मोफत मिळतात. वेळेत तपासणी आणि नियमित गोळ्या घेतल्या, तर रुग्ण दीर्घकाळ जगतो. लोक काय म्हणतील, या भीतीने तपासणी टाळणं मात्र आजही जिवावर बेतू शकतं.

आज काय उरलं?

त्याच्या नावाचा ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ जगभर एड्सविरोधी कामाला निधी देतो. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपटात फ्रेडी साकारणाऱ्या रामी मलेकला ऑस्कर मिळाला. ‘क्वीन’चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा ब्रिटनमधला सर्वाधिक खपाचा अल्बम आहे.