ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव



सामान्यज्ञानाच्या वहीत आपण सगळ्यांनी एक उत्तर लिहिलेले आहे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले? खाशाबा दादासाहेब जाधव. एका ओळीचे उत्तर, एक गुण. पण त्यांचे चरित्र वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसू लागली. जेव्हा त्यांच्या शेजारी जाणता माणूस उभा होता, तेव्हा ते पुढे गेले. जेव्हा कोणी नव्हते, तेव्हा अडले. म्हणून या लेखात मी पैलवानाबरोबर त्याला शिकवणाऱ्यांबद्दलही लिहिणार आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पोरगं पाच वर्षांचं झालं तसं त्यांनी त्याला मातीत उतरवलं. म्हणजे खाशाबांचे पहिले वस्ताद घरातच होते. शिकवणारा स्वतः कुस्ती खेळलेला असल्यामुळे पाय कुठे ठेवायचा, दम कधी राखायचा, हे त्यांना लहानपणीच कळले.

१९४० ते १९४७ या काळात ते कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत क्रांतिकारकांना आसरा देण्याच्या कामात मदत केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरीच. पण तिथे गंमत झाली. खाशाबा उंचीने कमी आणि अंगाने सडपातळ. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले, तर खेळाच्या शिक्षकांनी त्यांच्याकडे पाहूनच नाव घेतले नाही, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी खेळू दिले. मग या किरकोळ दिसणाऱ्या पोराने भल्याभल्यांना लोळवले.

यावरून मला वाटते, शिकवणाऱ्याची पहिली परीक्षा इथेच होते. समोरचे पोर काय करू शकेल हे त्याला दिसले पाहिजे. नुसत्या दंडाची जाडी बघून ते कळत नाही.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांच्या प्रवासाचा खर्च उचलला. आपल्याकडची कुस्ती मातीतली. पाठ जमिनीला लागली की निकाल. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तिथे वेळ मोजतात, गुण मोजतात, नियमांचे पुस्तक असते. गादीवर पायाची पकड वेगळी, पडण्याची रीत वेगळी. हे शिकवायला रीस गार्डनर नावाचे परदेशी वस्ताद लाभले. ते स्वतः पूर्वीचे गाजलेले कुस्तीगीर होते. मातीतल्या या मल्लाने लंडनमध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या कुस्तीगिरांना हरवले. इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि ५२ किलोच्या गटात सहावे आले. सहावा नंबर म्हणजे काहीच नाही असे समजू नका. परक्या गादीवर, परक्या नियमांत तो सहावा होता.

मग चार वर्षे त्यांनी मेहनत केली. वजनाचा गटही वाढवला, ५७ किलोचा. १९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशातील हेलसिंकी शहरात होते. त्यासाठीच्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे खाशाबांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी ती जिंकली.

आता प्रश्न आला पैशांचा. कराडच्या दुकानदारांनी, गावकऱ्यांनी जमेल तसे पैसे दिले. तरी पुरेनात. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. एका गुरूने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकले! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या घरी गहाण या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ती कुस्ती खूप लांबली आणि थोडक्यात हातची गेली. अंग घामाने निथळत असतानाच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावले. समोर सोव्हिएत रशियाचे रशीद ममदबेयोव्ह.

इथे नीट लक्ष द्या. दोन कुस्त्यांमध्ये निदान ३० मिनिटांची विश्रांती दिलीच पाहिजे असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला आपल्या देशाचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. इशींना सुवर्ण, ममदबेयोव्हना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२.

अर्धा तास विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे कोणी सांगू शकणार नाही. पण त्या गादीशेजारी कुस्ती खेळलेला, नियम पाठ असलेला एखादा वस्ताद टॉवेल घेऊन उभा असता, तर त्याने पंचांना अडवले असते एवढे नक्की.

त्याच हेलसिंकीत दुसऱ्या एका मैदानावर अमेरिकेचा बास्केटबॉलचा संघ खेळत होता. त्याने सुवर्णपदक जिंकले. त्या संघात एकट्या कॅन्सस विद्यापीठाचे ७ खेळाडू होते, आणि त्यांचे प्रशिक्षक फॉग ॲलन हेही साहाय्यक प्रशिक्षक म्हणून सोबत होते. हे ॲलन त्याच विद्यापीठाचे जुने खेळाडू. विद्यापीठाने संघ त्यांच्या हाती दिला होता. त्यांनी तिथे एकूण ३९ वर्षे शिकवले आणि ५९० सामने जिंकून दिले. आपला गडी एकटा आणि त्यांच्या पोरांजवळ घरचा प्रशिक्षक. एकाच गावच्या जत्रेतला हा फरक.

पण थांबा. मोठे नाव असले की माणूस चांगला शिकवतोच, असेही नाही बरं का. बास्केटबॉल हा खेळच ज्यांनी १८९१ साली शोधून काढला, ते जेम्स नेस्मिथ याच कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले! त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या ॲलन यांनी मात्र विद्यापीठाचे नाव केले.

माझा आतेभाऊ घाटकोपरला राहतो आणि कॉलेजात बास्केटबॉल खेळतो. दिवाळीत आला तेव्हा सांगत होता, त्यांच्याकडे कोच कोणाला नेमायचे यावर वाद चालला आहे. काही जण म्हणतात एके काळचा नामांकित खेळाडू आणा, पोरं नुसती त्याला बघून पळतील. काही जण म्हणतात नाव नको, शिकवण्याचे शिक्षण घेतलेला आणा. मला वाटते, दोन्ही बाजूंचे अर्धे अर्धे खरे आहे. खेळलेल्या माणसाला हरण्याची चव माहीत असते, आणि ती पुस्तकात मिळत नाही. पण शिकवणे ही वेगळी विद्या आहे. त्यासाठीच १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. खेळलेल्या माणसाने तीही विद्या घ्यावी, मग सोन्याला सुगंध.

आता खाशाबांकडे परत येऊ. पदक घेऊन ते कराडला आले, तेव्हा स्टेशनवर शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. एरवी थोड्या वेळाच्या वाटेला मिरवणुकीने कित्येक तास घेतले. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिले काम कोणते केले असेल? त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यातून पैसा जमवला आणि खर्डीकर सरांचे घर सोडवून दिले. मला त्यांचे हे पदकही कांस्यपदकाइतकेच मोठे वाटते.

पण देशाचे पदक आणणाऱ्या माणसाला पुढची तीन वर्षे नोकरी नव्हती. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. खात्याच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, क्रीडाशिक्षकाचे कामही केले. पण नोकरी शेवटपर्यंत पोलिसाचीच राहिली. २७ वर्षे सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी जाहीर झाला.

विचार करा. लंडन आणि हेलसिंकी अशा दोन ऑलिंपिकची गादी त्यांना पाठ होती. त्या अर्ध्या तासाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला माहीत होती? ते ज्ञान रोज संध्याकाळी एखाद्या कॉलेजच्या तालमीत पोरांना मिळाले असते तर? खाशाबांनंतर भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले, लिअँडर पेस यांचे टेनिसमधले. कुस्तीतले पुढचे पदक सुशील कुमार यांनी २००८ साली आणले. मध्ये ५६ वर्षे गेली. २००९ साली गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल बांधण्याची घोषणा झाली. २०१७ साली तेही उभे नव्हते, म्हणून पदकाचा लिलाव करून संकुल बांधू, असे त्यांच्या कुटुंबाने जाहीर केले. पदक विकून तालीम बांधण्याची पाळी यावी, हे वाचून वाईट वाटते.

एक चांगली गोष्टही सांगतो. महाराष्ट्राला ऑलिंपिकचे दुसरे वैयक्तिक पदक खाशाबांनंतर ७२ वर्षांनी मिळाले. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. त्यांच्या प्रशिक्षिका दीपाली देशपांडे २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये स्वतः नेमबाजी करून आलेल्या आहेत. एकट्या गुरूमुळे पदक मिळते असे नाही. पण या वेळी शिकवणारीला वाट माहीत होती.

पालकांनो, शेवटी एक विनंती. आपल्या गावात दोन-तीन जुने पैलवान आहेत. एके काळी जत्रेत त्यांच्या कुस्तीला माणसांची भिंत उभी राहायची. आता ते संध्याकाळी पारावर बसून असतात. आपल्या तालमीला कुलूप आहे आणि किल्ली ग्रामपंचायतीत आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारनंतर त्यांनी आम्हाला एक तास शिकवावे, असे कोणी त्यांना विचारले तर ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही. ग्रामसभेत तेवढा विषय कोणीतरी काढा. माती आम्ही मुले चाळून देऊ.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी